सरांचा बर्फ आणि माझी तिथी

माझ्या बायकोच्या फ्रीझरमध्ये एका परक्या बाप्याचा बर्फ असायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा माणूस कोण आणि तुमच्या घरात त्याचं काय काम, असं पुढं कुणी विचारायला नको.

ग्लासगोतल्या आमच्या दगडी इमारतीत आम्ही नवराबायको तळमजल्यावर आणि सर सगळ्यात वर. मूळचे नागपूरचे. इथल्या एका शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. लग्न केलेलं नाही. का, असं आमच्या हिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "हिवाळ्यात वेळ मिळाला नाही वहिनी, आणि उन्हाळ्यात इच्छा झाली नाही." मी सांगलीकडचा, सातवी पास. तीही मास्तरांनी मला कंटाळून केलेली. सगळी उमर हॉटेलांच्या किचनमध्ये तंदूरपुढं गेली. बर्फ म्हणजे कौन्सिलवाले ज्याच्यावर मीठ टाकतात आणि तरी मी ज्याच्यावरून घसरतो ती वस्तू, एवढंच माझं ज्ञान. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस बर्फासाठी वेडा का होतो, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

त्यांचा स्वतःचा फ्रीझर भरला की ते स्टीलचे डबे घेऊन खाली यायचे. "वहिनी, एवढं ठेवता का? पहिल्या पडीचा आहे. दाणे कसे बदलतात ते बघायचंय." ही काय, जागा करून द्यायची. खोवलेल्या नारळाशेजारी. मग एका रविवारी मी इडलीबरोबर चटणी करायला घेतली आणि खोबरं समजून सरांचा डबा मिक्सरमध्ये उपडा केला. जन्मभर किचनात राबलेला माणूस! चटणी पाण्यासारखी झाली म्हणून मी मिक्सरला शिव्या घालत होतो, तेवढ्यात सर दारात. डब्याकडं बघितलं, चटणीकडं बघितलं. मुकाट्यानं बसले, दोन इडल्या खाल्ल्या आणि म्हणाले, "नोव्हेंबरातला होता. चांगला होता." ही हसून हसून फरशीवर बसली. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मला दिसलं नाही, एवढंच बरं.

सरांची सवय अशी की ते कधी आपली खुशाली सांगायचे नाहीत. "काय सर, कसं काय?" म्हटलं की, "नैऋत्येचा. वर डोंगरात पन्नासाच्या पुढं," असं वाऱ्याचं सांगून निघून जायचे. डोक्याला कानटोपी, पाठीला लाल फावडं. ते फावडं लावूनच किराणा आणायला जायचे. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहायची. लोकांना वाटत असेल, हा म्हातारा कुणाला तरी पुरून आला. आमची पोरगी तिकडं दक्षिणेला ईलिंगला असते, जन्मली याच देशात. ती एकदा म्हणाली, "बाबा, ते अंकल फार वियर्ड आहे, हं. आपला फ्रीजमध्ये त्याचा स्नो का आहे?" तिला काय सांगणार? सगळ्यांनाच पडलेला प्रश्न.

गणपतीच्या कार्यक्रमाला सर आले की पुण्याची सॉफ्टवेअरवाली पोरं दुसऱ्या कोपऱ्यात सरकायची. कारण डोंगरात फिरायला जातो असं कुणी म्हणालं, की सर त्याच्या पायाकडं बघायचे. "बूट कुठले?" मग अंगाकडं. "जॅकेट महाग आहे. चांगलं आहे. असं जॅकेट शाबूत सापडतं." त्यावर मोदक कसा गिळणार माणूस?

भर हिवाळ्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांचा सगळा जीव सुरुवातीच्या बर्फात. "जानेवारीत सगळे शहाणे असतात," म्हणायचे. "माणूस नोव्हेंबरात फसतो. गवताची टोकं वर दिसून राहिली असतात, त्याला वाटतं एवढासा तर आहे. वर बर्फ सुटण्याचा इशारा देणारे लोकही अजून कामाला लागले नसतात." आणि मग ते आमच्या ओट्यापाशी येऊन समजावून सांगायचे. मला समजत नसे, पण ही ऐकून घ्यायची. एकदा त्यांनी ट्रेमध्ये साखर पसरली आणि हिच्या तव्यावरची पोळी उचलून तिच्यावर ठेवली.

"हे बघा. पातळ बर्फ पडला, रात्री आभाळ मोकळं, थंडी कडक, की खालच्या थराची अशी साखर होते. दाणा दाण्याला धरत नाही. मग येतो वारा. इकडचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाला नेऊन थापतो. ही तुमची पोळी. दिसायला घट्ट. आता तुम्ही हिच्यावर पाय ठेवला..." असं म्हणून त्यांनी ट्रे कलता केला. पोळी साखरेवरून सुळकन घसरली ती थेट फरशीवर.

"अहो सर, गरम पोळी होती हो!" ही ओरडली.

सरांनी ती उचलली, झटकली आणि खाल्ली. "तेच तर सांगतो वहिनी. एक पाय, आणि सगळं खाली."

मग ही गेली. कॅन्सर. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी सर खाली आले, फ्रीझर उघडला आणि आपले डबे काढायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या." त्यांनी परत ठेवले. 

वर्षभर मी दोन माणसांचा भात लावला आणि दोन माणसांचा खाल्ला. लोक दुःखानं वाळतात, मी फुगलो. पॅन्टा बदलाव्या लागल्या. पोरगी फोनवर म्हणायची, "बाबा, जेवता ना नीट?" मी म्हणायचो, "त्याचीच तर काळजी आहे."

वेम्बलीच्या गुरुजींनी व्हिडिओवर वर्षश्राद्धाची तिथी काढून दिली. कार्तिक वद्यातली. नोव्हेंबर. घरात करा म्हणाले. पण मला तिच्या नावाचं पान एका जागी नेऊन ठेवायचं होतं. आम्ही या देशात आलो तेव्हा पहिली काही वर्षं उत्तरेला डोंगरात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी ही साडीवर स्वेटर चढवायची, किचनचेच बूट घालायची आणि मला ओढत वर न्यायची. डोंगराच्या कुशीत खोलगट खोरं, त्याला तिकडं कोरी म्हणतात, आणि कोरीत एक छोटं तळं. तळ्याच्या काठी बसून आम्ही भाकरी-ठेचा खायचो. कुणी ओळखीचं नाही, कुणी ऑर्डर ओरडत नाही. ती म्हणायची, "हितं काय झोप लागंल हो."

आणि एक गोष्ट उघडच सांगतो. त्या दिवशी घरी परत यायचंच, असं माझं काही ठरलेलं नव्हतं. जीव द्यायला निघालो नव्हतो, तेवढी धमक माझ्यात नाही. पण तळ्यावर पान ठेवायचं, तिथंच बसायचं, त्याच्यापुढं माझ्या डोक्यात काही नव्हतं. संध्याकाळच नव्हती.

रस्ता विसरलो होतो म्हणून सरांना विचारायला गेलो. तिथीच्या आधी तीन दिवस वर बर्फ पडला होता, आणि वारा काही थांबत नव्हता.

"दोन-चार दिवस थांबा भाऊ. बर्फ बसू द्या. डोंगराला तिथी कळत नाही."

"आणि तिथीला तुमचा वारा कळत नाही सर."

"मी बौद्ध माणूस. हे पिंड, कावळा मी मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मानू नका की. रस्ता तेवढा सांगा."

सरांनी माझ्या बुटांकडं बघितलं. मग म्हणाले, "सांगत नाही. सोबत येतो. पण कुठून परत फिरायचं ते मी ठरवणार. कबूल?"

"कबूल," म्हटलं. मनात काही कबूल नव्हतं.

पहाटे उठून वडे तळले, खीर केली, भात, भाजी, आमसुलाची चटणी. सगळं डब्यात भरलं, वर केळीचं पान गुंडाळून ठेवलं. गाडी मी चालवली. सरांनी वाटेत एक वडा मागितला. मी दिला नाही, नैवेद्य होता. म्हणाले, "बरं, मेल्यावर द्या."

खालच्या कार पार्कपासून चालायला लागलो. बर्फ म्हणाल तर घोट्याएवढा. गवत वर डोकावत होतं. मी सरांच्या पाठीवरचं फावडं बघून म्हटलं, "एवढ्यासाठी हे? आयला, माझ्या चमच्यानं उकरला असता." सर काठीनं बाजूला टोचत होते आणि कान देत होते. तासाभरानं कोरीच्या तोंडाशी आलो. समोर एक तिरका उतार, फार मोठा नाही. तो ओलांडला की तळं. त्या उतारावर गवत दिसत नव्हतं. सगळं गुळगुळीत, पांढरं, एखाद्या गादीसारखं. मला बघून बरंच वाटलं.

सरांनी फावडं काढलं, कडेलाच एक खड्डा खणला. मग बर्फाचा चौकोनी ठोकळा मोकळा केला, त्याच्यावर तळहात ठेवला आणि नुसतं थोपटलं, लहान पोराला थोपटतात तसं. वरचा जाड थर अलगद सुटून त्यांच्या मांडीवर आला.

"पाहिलं?"

"पाहिलं. पोळी."

"चला परत."

"पान ठेवून येतो."

"भाऊ, कबूल केलं होतं नं तुम्ही?"

"तुम्ही इथं थांबा. मी एकटा जातो."

त्यांनी माझं जॅकेट धरलं. मी हात झटकला. तोंडाला आलं ते बोललो, "सर, तुम्हाला ना बायको, ना पोर. माणूस गेल्यावर काय होतं ते तुम्हाला काय कळणार?"

सरांनी जॅकेट सोडलं. "नाही कळत. माझा कुणाकडं डबा होता, तर तो वहिनींच्याच फ्रीझरात. तोही तुम्ही राहू द्या म्हटलं म्हणून."

यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी गेलो.

पाचसहा पावलं टाकली असतील. पायाखाली 'धप्प' असा आवाज आला, जाडजूड बाई सोफ्यावर बसावी तसा. मग बुटापासून एक चीर निघाली आणि काचेला तडा जावा तशी सरळ पळत गेली. मला कळेपर्यंत माझ्यासकट सगळी गादी निघाली होती. मी बसलो, म्हणजे बसवला गेलो, आणि लग्नातल्या जाजमावर बसून ओढत न्यावं तसा खाली चाललो. दोन्ही हातांनी डबा डोक्यावर धरलेला.

वरून सर ओरडत होते, "डबा सोडा! पोहल्यासारखे हात मारा! अबे, डबा सोड नं बे!"

त्यांनी मला 'बे' म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. डबा सोडला नाही.

थांबलो तो एका मोठ्या धोंड्याच्या अलीकडं. हात लांब केला असता तर त्याला लागला असता. कंबरेपर्यंत आत. मला वाटलं, बर्फच तर आहे, उठावं आणि झटकावं. पाय हलवून बघितला. हलेना. खाली कुणी सिमेंट ओतल्यासारखं. लाल चेहरा, डोक्यावर डबा, कमरेखाली डोंगर. गणपतीतली पुण्याची पोरं असती तर फोटो काढले असते.

जिथून बर्फ सरकून गेला होता त्या मोकळ्या पट्ट्यावरून सर जपून जपून खाली आले. माझ्याभोवती खणायला लागले. धाप लागली होती त्यांना. एक बाजू गुडघ्यापर्यंत मोकळी झाली, तेव्हा थांबले.

"एक विचारू? आज परत यायचं होतं की नाही?"

मी डब्याचं झाकण दाबून बघितलं.

"नाही, सांगा. तोवर मी खणत नाही." आणि फावडं आडवं टाकून त्याच्यावर बसलेच.

"थंडी वाजतेय सर."

"वाजू द्या. प्रश्न तोच आहे."

"काढा की मला."

"काहून काढू?"

"अहो, काढा म्हणतो ना!"

"काहून? काढून तुम्ही कुठं जाऊन राहिले?"

आता काय सांगणार? हिचं नाव घ्यावं, पोरीचं घ्यावं, देवाचं घ्यावं. चांगलं काहीतरी सुचायला पाहिजे होतं. मी ओरडलो, "अहो मास्तर, मला लघवीला लागलीय!"

सर असे हसले, असे हसले की कानटोपी खाली पडली. "हे चालेल," म्हणाले, डोळे पुसत. "हे जिवंत माणसाचं कारण आहे." आणि खणायला लागले.

खाली कार पार्कला आलो. तळं राहिलंच. मी कडेच्या दगडी भिंतीवर केळीचं पान मांडलं, वडे, भात, भाजी, चटणी वाढली, खीर ओतली. तिकडचे कावळे करड्या पाठीचे, दांडगे. लोकांच्या चिप्स खाऊन माजलेले. आमच्याकडं काय असतं, कावळा पानाला शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय असं मानतात. मग घरच्यांनी हात जोडून कबूल करायचं, हे करीन, ते करीन, पोरीला बघीन, आणि मग तो येतो. मी वर्षभर मनात सगळं तयार ठेवलं होतं. मोठी यादी होती. दारू सोडण्यापासून सुरू होणारी.

हात जोडले. डोळे मिटायच्या आत कावळा पानावर. वडा उचलला. दुसरा आला, त्यानं भात उधळला.

"अरे थांब की लेका!" मी ओरडलो. "मी अजून काही बोललोच नाही!"

कशाचा थांबतोय. खिरीत चोच घातली.

म्हणजे तिला माझ्याकडून काहीच नको होतं? एवढी वर्षं सोबत काढली आणि एक अट नाही, एक वचन नाही? मी त्या भिंतीवर बसलो आणि रडलो. वर्षभरात रडलो नव्हतो. नाक गळत होतं, बाजूला एक गोरं कुटुंब गाडीत बसून सँडविच खात आमच्याकडं बघत होतं. आणि सर, जे यातलं काही मानत नव्हते, ते कानटोपी काढून, टकलावर वारा घेत, कावळ्यांनी पान चाटूनपुसून साफ करेपर्यंत ताठ उभे राहिले. शाळेत प्रार्थनेला राहतात तसे.

त्यानंतर शनिवार आला की सर खाली येऊन दार वाजवायचे. "चला." मी गाडी हाकायची, थर्मास धरायचा, ते खणायचे. मला बर्फातलं अजूनही काही कळत नाही. थर्मास मात्र चांगला धरतो. त्यांनी मला एकच नियम घालून दिला: दोघांतल्या कुणीही एकानं 'नाही' म्हटलं की परत फिरायचं. कारण विचारायचं नाही. आजवर 'नाही' तेच म्हणत आले होते. मी आपला मान डोलवून वळायचो. मी कशाला 'नाही' म्हणतोय? मला काय कळतंय त्यातलं?

मग त्यांची नजर अधू झाली, गुडघे गेले, आणि नागपूरहून बहीण बोलवायला लागली. शेवटचा हिवाळा. असाच पहिला बर्फ पडलेला. सरांना एका घळीत खड्डा खणायचा होता. "शेवटचा, भाऊ. पुढच्या वर्षी मी तिकडं कूलरसमोर बसून असेन." खुशीत होते, पोरासारखे.  काठीनं टोचलं, कान दिला. म्हणाले, "ठीक वाटून राहिलं. दहा मिनिटं."

मी घळीकडं बघितलं. वर कड्यावरून बर्फाची धूळ उडत होती. उजेड उतरत होता. सरांचं फावडं माझ्याच खांद्यावर होतं.

"नाही," मी म्हटलं.

सर वळले. "काय?"

"नाही."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. घळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कारण विचारायचं नाही, हे खरं. पण भाऊ..."

"मग विचारू नका."

मला वाटलं, भांडतील. मी तयारीत होतो. पण ते मुकाट्यानं वळले आणि चालायला लागले. त्या घळीतून नंतर काही खाली आलं की नाही, मला माहीत नाही. आम्ही मागं वळून बघितलं नाही. सर पुढं, रुसलेले, काठी जोरजोरात आपटत. मी मागं, त्यांचा तोल गेला तर धरायला.

गाडीत बसलो. हीटर लावला, काचेवरची वाफ जायची वाट बघत बसलो. मग सर म्हणाले, "तुम्हाला घरी जायचं होतं."

"हो."

"घरी काय आहे?"

मी विचार केला. "काही नाही," म्हटलं. "भात लावायचाय."

"किती जणांचा?"

"दोघांचा. तुम्ही येताय ना?"

"मग चला नं," सर म्हणाले, "बसून काय राहिले?" आणि पट्टा लावून त्यांनी डोळे मिटले.